गॅस्केट का…

थोरल्या मामाच्या दुकानात गिऱ्हाइकाला फार बोलावं लागत नसे. चेनसॉ टेबलावर ठेवून माणूस "मिस्त्री, सकाळी…" एवढंच म्हणायचा आणि मामा पुढचं सांगून मोकळा व्हायचा. "सकाळी एका झटक्यात चालू होते, दुपारी तापली की खांदा निखळेपर्यंत दोरी ओढा, ढिम्म. कॉइल गेलीय. परवा या." माणूस थक्क व्हायचा. बाहेर जाऊन चार जणांना सांगायचा की या मिस्त्रीला मशीनच्या पोटातलं कळतं. ते खोटं नव्हतं. पण रोज तेच ऐकून मामाचा हळूहळू असा समज झाला होता, की मशीनच्या पोटातलं कळतं तसं माणसाच्या ओठातलंही आपल्याला आधीच कळतं.

दुकान म्हणजे वखारींच्या गल्लीच्या टोकाला असलेली एक लांबट खोली. शटर अर्ध्यात गंजून अडकलेलं. कुणालाही वाकूनच आत यावं लागे, आणि मामा म्हणायचा, "बघा, माझ्याकडे भले भले मान खाली घालून येतात." आत पत्रा ठोकलेलं टेबल, त्याच्या कडेला वस्तू घट्ट धरणारा व्हाइस, भिंतीवर खिळ्यांना अडकवलेल्या साखळ्या, आणि हवेत पेट्रोल, जळकं तेल आणि ओल्या भुशाचा मिळून एक वास. तो वास मामाच्या शर्टांना इतका मुरला होता की मामी त्याचे कपडे वेगळ्या दोरीवर वाळत घालायची.

मामाला एक धाकटा भाऊ होता. माझा धाकटा मामा. दोघांच्या मध्ये माझी आई. धाकटा मामा झाडं तोडायचा. रस्त्यावर कललेली, घरांवर आलेली, वादळात अर्धी मोडून लोंबणारी. अशी झाडं, जी नुसती पाडून चालत नाहीत, फांदी फांदी करत खाली उतरवावी लागतात. त्याच्या कामात एक निगुती होती. पडलेल्या ओंडक्याचा काप हात फिरवून बघावा इतका सपाट यायचा.

आणि तो बोलताना अडखळायचा. लहानपणापासून. शब्दाचं पहिलं अक्षर त्याच्या तोंडात अडकून बसायचं आणि तो ते सोडवत राहायचा, घाई न करता, मान किंचित डावीकडे झुकवून. घाई समोरच्याला व्हायची.

सगळ्यांत जास्त घाई थोरल्या मामाला. याची सुरुवात प्रेमापोटी झाली होती, हे सांगायला हवं. शाळेत धाकट्याला प्रश्न विचारला की वरच्या वर्गातून बोलावून आणलेला थोरला त्याचं उत्तर द्यायचा. दुकानात, दवाखान्यात, पाहुण्यांसमोर, धाकट्याच्या तोंडातला शब्द झेलायला हा कायम हात पसरून उभा. पोरं हसायच्या आत वाक्य पूर्ण व्हायला हवं, एवढंच त्याला कळत होतं. पुढे हसणारी पोरं राहिली नाहीत, सवय राहिली.

आई एक गोष्ट हसत हसत सांगायची. धाकटा मामा एकदा थोरल्याच्या घरी गेला होता. मामीनं विचारलं, "भाऊजी, चहाबरोबर काय देऊ?" तो म्हणाला, "बि… बि…" आतून थोरल्यानं आवाज दिला, "अगं, बिनसाखरेचा म्हणतोय. जपतोय तब्येतीला." धाकट्यानं मान हलवली. त्याला बिस्किट हवं होतं. त्यानंतर अकरा वर्षं त्या घरात त्याला बिनसाखरेचा चहा मिळाला आणि तो अकरा वर्षं प्यायला. ज्या दिवशी हे उघड झालं त्या दिवशी मामीनं कपाळावर हात मारला. "अहो भाऊजी, तोंड नव्हतं का सांगायला?"

तो हसला. म्हणाला, "स… स…"

"सवय झाली म्हणतोय," थोरला म्हणाला.

आम्ही सगळे हसलो. त्याला नक्की तेच म्हणायचं होतं का, हे तेव्हाही कुणी विचारलं नाही.

कुणी चुकीचं वाक्य हातात ठेवलं की तो ते घेऊन टाकायचा, पुन्हा पहिल्यापासून सुरू करण्यापेक्षा. त्याची मान हलवण्याची एक खास तऱ्हा होती. होकारही नाही, नकारही नाही. बसमध्ये धक्का लागल्यावर आपण "असू दे" म्हणतो तशी. फक्त आईशी तो सलग बोलायचा. आई त्याच्याकडे बघायचीसुद्धा नाही. कपड्यांच्या घड्या घालत राहायची. दोन चादरी, चार टॉवेल होईपर्यंत त्याचं वाक्य पूर्ण व्हायचं आणि मग आई उत्तर द्यायची.

झाडं तोडायचं काम त्यानं का धरलं असेल, हे मला फार उशिरा कळलं. त्या कामात कानांवर जाड कप चढवलेले असतात. मशीन सुरू झालं की कुणीच बोलत नाही. सगळं हातांच्या खुणांनी चालतं. थांब, सोड, बाजूला हो. त्या आवाजात तो आणि इतर यांच्यात काही फरक उरत नसे.

एके दिवशी त्याच्या टोळीतल्या कुणीतरी त्याच्या चेनसॉमध्ये तेल न मिसळता नुसतंच पेट्रोल ओतलं. छोट्या दोन-स्ट्रोक इंजिनाला पेट्रोलातून येणारं तेलच काय ते वंगण. ते नसेल तर पिस्टन सिलिंडरला घासून घासून चिकटतो. अर्ध्या तासात चेनसॉ गप्प झाली. धाकट्या मामानं ती आणून थोरल्याच्या टेबलावर ठेवली. थोरल्यानं ती नुसती उचलली, इंजिनाचं चाक बोटानं फिरवून बघितलं, फिरेना, आणि त्याचा चेहरा उजळला. मला सुट्टी होती, मी तिथेच एका खोक्यावर बसले होते. मी म्हटलं, "मामा, मशीन मेलंय आणि तू हसतोयस?"

"मेलंय म्हणून तर उघडता येतंय," तो म्हणाला. "जिवंत असताना हा मला हात लावू देतो का? छोट्या, नवा पिस्टन, नवा सिलिंडर घालतो. आणि घालतोच आहे तर हिला अशी करतो, की तुझ्या टोळीतले बाकीचे नखं खात बसतील."

धाकटा मामा म्हणाला, "ज… जशी होती…"

"जशी होती तशी सगळेच करतात रे. मी कशाला हवा मग?"

ते काम मी पाहिलं. आजही मला ते सुंदरच आठवतं, हीच अडचण आहे.

आधी त्यानं स्पार्क प्लग काढला आणि त्या भोकातून एक बारीक दोरी आत सोडली, म्हणजे पिस्टन तिच्यावर अडून थांबतो आणि क्लच सोडवता येतो. सगळे भाग पेट्रोलमध्ये धुऊन जुन्या वर्तमानपत्रावर मांडले. मग धूर बाहेर टाकणारी सिलिंडरची खिडकी त्यानं दोन्ही बाजूंनी केसभर रुंद केली आणि कडा काचेसारख्या गुळगुळीत केल्या. "कड टोकदार राहिली तर पिस्टनची रिंग तिथे अडकते. अडकली की मोडते." सायलेन्सरचं तोंड मोठं केलं. तोंड मोठं केलं म्हणून कार्बोरेटरचा स्क्रू पाव फेरा सैल केला. "श्वास सोडायला जागा दिली तर घ्यायलाही द्यावी लागते. नाही तर तापून मरते बिचारी. अर्धे मिस्त्री इथेच फसतात."

आणि मग गॅस्केट. सिलिंडर ज्यावर बसतो तिथे एक पातळ चकती असते, अर्ध्या मिलिमीटरची. ती जितकी पातळ, तितका सिलिंडर खाली बसतो, वरची जागा कमी होते आणि आतली हवा जास्त दाबली जाते. त्या दाबाला मामा दम म्हणायचा. मशीनला दम आहे, दम नाही. ही जागा मोजायला तो सोल्डरची मऊ तार प्लगच्या भोकातून आत घालायचा, चाक हातानं एक फेरा फिरवायचा आणि चेपलेली तार बाहेर काढून मोजायचा. धाकट्याच्या चेनसॉमध्ये ती एक मिलिमीटर आली. "अर्ध्यापर्यंत जाता येतं," मामा म्हणाला. "अर्ध्याच्या खाली गेलास तर पिस्टन डोकं आपटून घेतो." त्यानं गॅस्केटचा पातळ कागद कात्रीनं कापला, पाव मिलिमीटरचा, आणि मूळची जाड चकती काढून हा कागद घातला. "आज पावच. कागदाची घालतो. उगाच घाई नको."

चहा घेऊन आलेल्या मामीनं ते ऐकलं. "तुम्ही आणि घाई नको? मशीनना एवढा दम भरता, जरा स्वतःही धरत जा की."

धाकटा मामा हसला. थोरलाही हसला.

चेनसॉ सुरू झाली तेव्हा गल्लीतले लोक बघायला आले. मांडीएवढा ओंडका तिनं लोण्यासारखा कापला. धाकट्या मामाच्या चेहऱ्यावर त्या दिवशी खरोखर आनंद होता. मी तो पाहिला आहे, तो मी काढून टाकणार नाही. पुढच्या आठवड्यात त्याच्या टोळीतले दोघे आपापल्या चेनसॉ घेऊन हजर झाले. "मिस्त्री, भावासारखी करून द्या." मामा दिवसभर शीळ घालत होता.

फक्त एक होतं. दम वाढला की दोरी जड होते. त्या मॉडेलमध्ये सुरुवातीला दाब सोडून देणारं बटण नव्हतं. झाडावर, दोरांत लटकून, वाकड्या अंगानं दिवसातून तीस-चाळीस वेळा ती ओढावी लागायची. धाकट्याचं उजवं मनगट दुखायला लागलं. हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. आईला सांगितलं असतं, पण त्या महिन्यात आई गावी नव्हती.

तीन आठवड्यांनी तो दुकानात आला. दुपार होती. थोरला मामा एका कार्बोरेटरचा आतला पडदा बदलत होता, मी जवळच होते. धाकट्यानं चेनसॉ टेबलावर ठेवली आणि डाव्या हातात उजवं मनगट धरून उभा राहिला.

"दादा."

"बोल. कशी चाललीय राणी?"

"ब… बरी. दादा, गॅस्केट का… का…"

थोरल्यानं हातातलं काम खाली ठेवलं. "काढ?"

धाकट्याचं तोंड उघडं होतं.

"काढ म्हणतोस? पूर्णच?" मामानं टेबलावर थाप मारली. "मला माहीतच होतं! एकदा चव लागली की सुटत नाही. ऐकलंस का गं, आपल्या छोट्याला पाव पुरेना, अर्धा हवाय! अरे, मी तुला विचारणारच होतो, म्हटलं हा घाबरट, नाही म्हणेल."

"का… का…"

"काढतो की! उद्या संध्याकाळी घेऊन जा."

धाकट्या मामानं माझ्याकडे बघितलं. मी हसले. मलाही "काढ" असंच ऐकू आलं होतं. मग त्यानं मान हलवली.

मामानं गॅस्केट काढून टाकली. तिच्या जागी नुसता सीलंट लावला, तार चेपून मोजली, बरोबर अर्धा मिलिमीटर. जोडीला, प्रेमानं, त्यानं आणखी एक गंमत केली. चाकाला शाफ्टवर धरून ठेवणारी छोटी चावी असते, ती कानशीनं एका बाजूनं किंचित घासली, म्हणजे चाक जरासं सरकतं आणि ठिणगी थोडी आधी पडते. त्यानं ताकद वाढते. आणि दोरी हळू ओढली गेली, तर पिस्टन वर पोचायच्या आधीच स्फोट होऊन दोरी हातातून उलटी खेचली जाते. हे मामाला ठाऊक होतं. पण छोट्याची ओढ जोरकस होती, लहानपणापासून. दुखऱ्या मनगटाची ओढ कशी असते, हे मोजायला त्याच्याकडे तार नव्हती.

चौथ्या दिवशी सकाळी, एका उतारावर, पडलेल्या झाडाशी उभं राहून धाकट्या मामानं दोरी ओढली. हात दुखत होता म्हणून अर्धवट ओढली गेली. दोरीची मूठ उलटी खेचली गेली ती अंगठ्याला ओढतच. मनगटाचं एक हाड मोडलं आणि अंगठ्याच्या मुळाशी जी जाड शीर असते ती तुटली. हाड जुळलं. शीर शिवली. डॉक्टर म्हणाले, कप धरता येईल, पेन धरता येईल. चेनसॉ धरता येईल का, या प्रश्नावर त्यांनी खिडकीतून बाहेर बघितलं.

दवाखान्यात आई त्याच्याजवळ बसली होती. थोरला मामा बाहेर बाकावर. आत जायचं धाडस त्याला होत नव्हतं, आणि का होत नव्हतं हे त्याला अजून नीट माहीत नव्हतं. त्याला वाटत होतं, अपघात आहे, यंत्र आहे, होतं. तासाभरानं आई बाहेर आली आणि त्याच्या शेजारी बसली.

"दादा, तो तुला 'कागदाची नको' म्हणत होता."

"काय?"

"'गॅस्केट कागदाची नको, जाडच घाल.' एवढंच म्हणायचं होतं त्याला. हात दुखत होता त्याचा."

'ध'चा 'मा' झाला असं आपण म्हणतो आणि त्यात कुणाची तरी लबाडी असते. आमच्या घरात 'का'चा 'काढ' झाला, आणि त्यात लबाडी कुणाचीच नव्हती. मामा म्हणाला, "मग त्यानं मान का हलवली?"

"तुझ्यापुढे त्यानं कधी नाही हलवली?" आई म्हणाली.

त्यानंतर मामा बदलला, आणि ते बदलणं बघवत नसे. गिऱ्हाईक यायचं. "मिस्त्री, सकाळी…" म्हणून थांबायचं, सवयीनं. मामाही थांबायचा. दोघे एकमेकांकडे बघत राहायचे.

"सकाळी काय?" मामा विचारायचा.

"सकाळी चालू होते."

"मग?"

"अहो मग काय मग? तुम्हालाच कळतं ना सगळं!"

"तुम्ही सांगा. पूर्ण सांगा."

एक म्हातारा झाडतोड्या तर हात जोडून म्हणाला, "मिस्त्री, मी काय कोर्टात उभा आहे का?" लोक बाहेर जाऊन सांगू लागले की मिस्त्रीचा कान गेला. ज्यांच्या चेनसॉ 'भावासारख्या' केल्या होत्या त्यांना त्यानं बोलावून बोलावून जाड गॅस्केट परत घालून दिल्या. त्यातला एक रागावला. "चांगली पळत होती की! तुमच्या भावाचा हात गेला त्यात माझ्या मशीनचा काय दोष?" मामानं मान खाली घालून स्क्रू आवळले.

धाकट्या मामाला काम मिळालं ते एका मोठ्या वखारीच्या फाटकावर. आत येणाऱ्या प्रत्येक लॉरीला थांबवायचं आणि विचारायचं, कुठून आलात, काय माल आहे, कुणाकडे जायचंय. दिवसाला साठ-सत्तर लॉऱ्या. ज्या माणसानं बोलावं लागू नये म्हणून झाडांवर आयुष्य काढलं, त्याला आता दिवसभर फक्त बोलायचं होतं. आणि ड्रायव्हर लोक काही आईसारखे घड्या घालत बसणारे नव्हते.

थोरला मामा तिकडे गेला नाही. आधी हात बरा होऊ दे म्हणाला, मग म्हणाला त्याला कामावर रुळू दे. धाकटाही दुकानात आला नाही. त्यांच्यात भांडण नव्हतं. भांडण असतं तर बरं झालं असतं असं मामी म्हणायची, कुणीतरी मध्ये पडलं असतं. तेवढ्या महिन्यांत मामानं एक केलं. धाकट्याची चेनसॉ पुन्हा पूर्ण उघडली. नवा सिलिंडर, नवा सायलेन्सर, नवी चावी, जाड गॅस्केट. कार्बोरेटरचा स्क्रू मूळ खुणेवर. ज्या दिवशी नवीन आली असेल त्या दिवशी होती तशी.

एकदा तो आमच्याकडे आला आणि आईला म्हणाला, "मला ती त्याला नेऊन द्यायचीय."

"तो काय करणार आहे तिचं?"

"ते नाही गं." मामा बोटांची नखं बघत होता. नखांच्या कडांना कायमचं काळं. "मला त्याचं ते वाक्य ऐकायचंय. पूर्ण. त्याच्या तोंडून. कागदाची नको म्हणू दे, मला शिव्या घालू दे, काय वाटेल ते. एकदा मध्ये न बोलता ऐकायचंय. नाही तर मी असाच मरेन."

"मग जा," आई म्हणाली. "आणि तोंड बंद ठेव."

मी त्याला स्कूटरवरून घेऊन गेले. तो मागे बसला, चेनसॉ पोत्यात गुंडाळून मांडीवर. वाटेत एक शब्द बोलला नाही. सराव करत असल्यासारखा.

फाटकाशी पत्र्याची केबिन होती. आत एक स्टूल, एक पंखा, भिंतीवर लॉऱ्यांच्या नंबरांची यादी. धाकटा मामा आम्हाला बघून उठला. बारीक झाला होता. त्यानं मला विचारलं, "क… कॉलेज?" मी म्हटलं, "संपत आलं मामा, शेवटचं वर्ष." तो हसला. मग त्यानं पोतं बघितलं.

थोरल्यानं ते उघडून चेनसॉ स्टुलावर ठेवली. "जशी होती तशी केलीय," तो म्हणाला. आणि ओठ घट्ट मिटले.

धाकट्यानं डाव्या हातानं दोरी धरली आणि हळूच ओढली, सुरू करायला नाही, फक्त बघायला. ती सहज आली. त्यानं ती तशीच अलगद परत जाऊ दिली. उजवा हात त्यानं खिशात ठेवला होता.

"दादा," तो म्हणाला. "मी… त्या दिवशी… म… म…"

थांबला. मान डावीकडे झुकली. पंख्याचा आवाज येत होता. मी थोरल्या मामाकडे बघितलं. त्याच्या जबड्याची शीर ताठ झाली होती. त्याच्या मनात किती शब्द येऊन गेले असतील. मनगट. मशीन. मना केलं असतं. मला. एकही त्यानं बाहेर येऊ दिला नाही.

"म… मान हलवली," धाकटा म्हणाला. "माझी… म्हणून… चूक माझी."

मी आयुष्यात इतकं अवघड काही पाहिलेलं नाही. थोरल्या मामाचा चेहरा लाल झाला. "नाही" हा शब्द त्याच्या गळ्यापर्यंत आलेला दिसत होता. पण तो बोलला असता तर पुन्हा तेच झालं असतं: धाकट्याचं वाक्य, आणि त्यावर थोरल्याचा हात. आणि तो गप्प राहिला तर ती चूक धाकट्याच्या खात्यावर राहणार होती. तो गप्प राहिला. धाकटा त्याच्याकडे बघत होता. मला वाटलं, दोघांपैकी कुणीतरी आता काहीतरी बोलेल.

बाहेर लॉरीचा हॉर्न वाजला.

धाकटा मामा बाहेर गेला. ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं काढलं. "को… को…" धाकट्यानं सुरुवात केली.

"कोळसा?" ड्रायव्हर हसला. "अहो साहेब, लाकडाच्या वखारीत कोळसा कोण आणतो? फळ्या आहेत फळ्या! उघडा."

धाकट्या मामानं मान हलवली नाही. हात वर करून लॉरी तशीच थांबवली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. "को… कोणाकडे… जायचंय?" मागे दुसरी लॉरी येऊन थांबली, तिनंही हॉर्न दिला. त्यानं तिच्याकडे लक्ष दिलं नाही. ड्रायव्हर ओशाळून सरळ बसला आणि त्यानं नीट उत्तर दिलं. मग फाटक उघडलं.

हे करायला तो कुठे शिकला, मला माहीत नाही. इथेच शिकला असणार, या महिन्यांत, कुणाच्याही मदतीशिवाय. थोरला मामा दारात उभा राहून ते बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर अभिमान होता का, मी सांगू शकत नाही. असलाच तर तो त्याला फार महाग पडत होता.

दुसरी लॉरी, तिसरी. संध्याकाळी वखारीत गर्दी असते. एका मोकळ्या क्षणी धाकटा परत आत आला, पाणी पिऊन चेनसॉकडे बघत म्हणाला, "ही… घेऊन जा. दु… दुसऱ्या कुणाला… दे. चांगली आहे." सगळं वाक्य त्याचंच. थोरल्यानं मान हलवली. त्यानं ती पोत्यात गुंडाळली. आम्ही निघालो. धाकट्यानं माझ्या डोक्यावर डावा हात ठेवला.

घरी आई दारातच उभी होती. "बोलला?"

"बोलला," मामा म्हणाला.

"पूर्ण?"

"पूर्ण." त्यानं पोतं कोपऱ्यात ठेवलं. काय बोलला ते सांगितलं, शब्द न शब्द, मधल्या थांबण्यांसकट. आईनं ऐकून घेतलं. मग तिनं विचारलं, "मग तू काय म्हणालास?"

"काही नाही. तो बोलत होता ना."

"आणि त्याचं झाल्यावर?"

मामा खुर्चीवर बसला, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून.

"मला वाटलं," तो म्हणाला, "अजून काही उरलं असेल त्याचं."